आठ जणांचं ऑफिस

कुवेतला असतो म्हटलं की आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर समुद्रकाठच्या काचेच्या इमारती आणि थंडगार मॉल येतात. ते सगळं आहे, पण ते कुवेत शहरात. मी असतो वफ्राला. शहरापासून दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटर, सौदी अरेबियाची सीमा इथून हाकेच्या अंतरावर. इथे पाहण्यासारख्या गोष्टी दोनच, शेतं आणि तेल. शेतं म्हणजे वाळवंटात पाणी आणून पिकवलेली काकडी आणि टोमॅटो. तेल म्हणजे १९५३ साली सापडलेलं, काकवीसारखं जाड आणि गंधकाचा वास मारणारं तेल. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो. १ जून ते ३१ ऑगस्टपर्यंत सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला सरकारी बंदीच असते. मी संशोधन अभियंता असल्यामुळे माझं बरंचसं काम एसीत, कॉम्प्युटरसमोर. जमिनीत वाफ सोडली तर तेल किती पातळ होईल, किती वर येईल, याची गणितं मांडायची. याच विषयात कॅनडात कॅलगरीला पीएचडी केली आणि तिथल्या उणे तीसमधून थेट इथल्या अधिक पन्नासमध्ये येऊन पडलो. असो.

तर सांगायचं होतं ते तेलाबद्दल नाहीच. सांगायचं आहे पुण्यातल्या एका छोट्या डिजिटल मीडिया एजन्सीबद्दल. माझा मावसभाऊ दोन वर्षांपासून तिथे काम करतो. वय सत्तावीस, शिक्षण इंजिनीअरिंग, आणि त्याआधी एका मोठ्या आयटी कंपनीतली नोकरी स्वतःहून सोडलेली. त्यामुळे घरात त्याच्याबद्दल काय बोललं जात असेल ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको! तीन खोल्यांचा फ्लॅट, आठ माणसं, सहा क्लायंट. मागच्या वर्षी एजन्सीच्या दोघा मालकांनी त्याला भागीदार होण्याबद्दल विचारलं. एक मोठा क्लायंट दारात उभा होता, चार नवी माणसं घ्यावी लागणार होती, आणि भागीदारीसाठी त्याने सहा लाख रुपये घालावेत असं ठरत होतं. सहा लाख त्याच्याकडे कुठले? ते होते मावशीच्या एफडीत. काका गेल्यावर त्यांच्या ऑफिसातून जे मिळालं, त्यातला तो भाग.

मावशीचा फोन आला. "तू तिकडे एवढा डॉक्टर झालास, तूच सांग त्याला. फेसबुक बघायचे कधी कोणी पैसे देतं का?" त्यानंतर अर्ध्या तासाने भावाचा. "दादा, आई तुझं ऐकेल. तू फक्त हो म्हण."

दोघांनाही मी एकच सांगितलं, मला आठ दिवस द्या. त्या आठ दिवसांत भावाकडून एजन्सीचे सगळे आकडे मागवले आणि तेलाच्या विहिरीकडे बघतो तसं त्यांच्याकडे बघितलं. त्यातून जे दिसलं ते इथे लिहितो आहे. आज आपल्याकडे घरटी एक मुलगा किंवा मुलगी अशा कुठल्यातरी आठ-दहा जणांच्या ऑफिसात काम करते आहे, आणि घरच्यांना तिथे नक्की काय चालतं याचा पत्ता नसतो. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.)

आधी तिथे चालतं काय ते. एखादा दागिन्यांचा दुकानदार, एखादा क्लास, एखादं हॉस्पिटल, एखादा बिल्डर एजन्सीला महिन्याला ठरावीक रक्कम देतो. याला म्हणतात रिटेनर. त्या बदल्यात एजन्सीने त्याच्या नावाने इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब सांभाळायचं. महिन्याच्या सुरुवातीला कॅलेंडर करायचं, कुठल्या दिवशी काय टाकायचं ते. मग लिहायचं, चित्रं करायची, व्हिडिओ काढायचे, कापायचे, जाहिरातीचे पैसे कुठे किती लावायचे ते ठरवायचं, खाली येणाऱ्या शिव्याशापांना गोड शब्दांत उत्तरं द्यायची, आणि महिन्याच्या शेवटी किती लोकांनी पाहिलं याचा अहवाल द्यायचा. सणवार म्हणजे तर कहर. पाडव्याला सहा क्लायंटच्या सहा गुढ्या, सहाही वेगळ्या दिसायला हव्यात, आणि रात्री अकरा वाजता फोन येतो, "आमच्या साहेबांना गुढीचा रंग आवडला नाही."

मावशीला वाटतं हे फेसबुक बघणं आहे. मला आकडे बघताना दिसलं ते वेगळंच. दोन वर्षांत हा मुलगा कॅमेरा धरायला, व्हिडिओ कापायला, मराठीत दोन ओळींत मुद्दा सांगायला, क्लायंटला न दुखवता नाही म्हणायला आणि कामाची किंमत लावायला शिकला होता. मोठ्या कंपनीत यातल्या प्रत्येक कामाला वेगळं खातं असतं. आठ जणांच्या ऑफिसात खातं नसतं, जो मोकळा असेल तो करतो. कॅलगरीला आमचा संशोधन गट पाच जणांचा होता. पंप बिघडला की आम्हीच उघडायचा, पाईप गळला की आम्हीच बदलायचा, आणि मग उरलेल्या वेळात पीएचडी करायची. आज मी ज्या गणितांवर पोट भरतो ती पुस्तकातून शिकलो, पण ती कुठे खोटी ठरतात हे त्या पंपाने शिकवलं. तेव्हा लहान जागी माणूस भराभर वाढतो हे मावशीला पटवणं अवघड नव्हतं. प्रश्न होता तो ऑफिसच्या वाढीचा, आणि माणसाची वाढ आणि ऑफिसची वाढ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आता पैशांकडे येऊ. सहा क्लायंट मिळून महिन्याला साडेचार लाखांचं काम. त्यात आठ जणांचे पगार, भाडं, सॉफ्टवेअरची भाडी, एवढं जेमतेम भागतं. नवा क्लायंट एकटा महिन्याला चार लाख देणार होता. ऐकायला किती छान! पण तो पैसे देणार बिल दिल्यापासून नव्वद दिवसांनी. पहिल्या महिन्याचं बिल महिनाअखेरीस गेलं तर पैसे येणार चौथ्या महिन्याच्या शेवटी. तोवर चार महिन्यांचं काम झालेलं, म्हणजे सोळा लाख रुपये बाहेर अडकलेले. नव्या चार माणसांना मात्र पगार दर महिन्याच्या एक तारखेला.

एवढ्यावर थांबत नाही. या कामावर १८ टक्के जीएसटी. चार लाखांच्या बिलावर बहात्तर हजार. हा कर बिल फाडलं की लागू होतो आणि पुढच्या महिन्यात भरावा लागतो, क्लायंटने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे पहिला रुपया हातात येईपर्यंत तीन बिलांचे दोन लाख सोळा हजार खिशातून सरकारजमा. खरेदीवर भरलेला कर यातून वजा होतो हे खरं, पण एजन्सीचा मोठा खर्च म्हणजे पगार, आणि पगारावर जीएसटी नसतो. मग वजा करणार काय?

कागदावर हे सगळं मांडलं तेव्हा मावशीच्या सहा लाखांचं खरं रूप दिसलं. ते भागीदारीचं भांडवल नव्हतंच. त्यातून नवा कॅमेरा येणार नव्हता की नवी जागा. ते पैसे पगार आणि जीएसटीच्या खड्ड्यात जाणार होते, आणि खड्डा पडला होता कारण मोठा क्लायंट नव्वद दिवस पैसे वापरणार होता. सरळ भाषेत सांगायचं तर आमच्या मावशीने एका कोट्यवधींच्या कंपनीला बिनव्याजी उसने द्यायचे, आणि त्याला म्हणायचं मुलाची प्रगती!

याला उपाय कायद्यात आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक पाचर मारली. सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा दाखवता येत नाही. उद्यम नोंदणी फुकट होते. तरी छोट्या एजन्सी तोंड उघडत नाहीत, कारण तक्रार केली तर व्याज मिळेल पण क्लायंट जाईल. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? म्हणून जे बोलायचं ते काम घेण्याआधी बोलायचं.

हे मला इथेच एका माणसाने छान सांगितलं. वफ्राची शेतं शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला शहरातल्या कुटुंबांना भाड्याने देतात. पोहण्याचा तलाव, झाडं, मुलांना बघायला शेळ्या, असा सगळा थाट. त्यांची जाहिरात चालते इन्स्टाग्रामवर, आणि ते व्हिडिओ काढायला शहरातून पाच जणांची एक एजन्सी येते. चालवणारा मल्याळी गृहस्थ. एका शुक्रवारी चहा पिताना मी त्याला विचारलं, पैसे वेळेवर मिळतात का? तो म्हणाला, निम्मे हातात पडल्याशिवाय मी ड्रोन पेटीतून बाहेर काढत नाही. त्याचं एवढंच धोरण, आणि त्यावर त्याने नऊ वर्षं काढली आहेत.

आता तेलाकडे थोडा वळतो, कारण वाढ म्हणजे काय हे मला तिथून कळतं. वफ्राचं जड तेल डोलोमाइट नावाच्या चुनखडीच्या भावकीतल्या खडकात आहे. वाफ सोडून तेल काढण्याची पद्धत जुनी, पण ती जगात मुख्यतः वाळूच्या खडकांत वापरलेली. डोलोमाइटमध्ये ती मोठ्या प्रमाणावर चालेल का, कोणालाच खात्री नव्हती. म्हणून आधी एक लहान चाचणी झाली, आणि मग २००९ पासून मोठा पायलट, म्हणजे एकमेकांशेजारी अनेक विहिरींचे गट करून. लहान चाचणी यशस्वी झाल्यावर सरळ शंभरने गुणायचं असं का करत नाहीत, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कारण आकार वाढला की अडचणी नुसत्या वाढत नाहीत, त्या बदलतात. एका विहिरीला वाफेपुरतं गोडं पाणी टँकरने आणता येतं. अनेक विहिरी झाल्या की पाणी शुद्ध करणं हाच एक वेगळा कारखाना होतो, आणि तेलाचा माणूस पाण्याच्या काळजीत झोपेनासा होतो.

एजन्सीचंही तंतोतंत तेच. तिघे असतात तेव्हा सगळं एका टेबलावर ठरतं. आठ झाले की कोणीतरी एकाने नुसतं वेळापत्रक सांभाळावं लागतं. बारा झाले की ज्या मालकाच्या हाताला चव होती, ज्याच्या व्हिडिओसाठी क्लायंट आले, तो व्हिडिओ करायचा थांबतो आणि दिवसभर मीटिंगा करतो. मग क्लायंट म्हणतात, पूर्वीची मजा राहिली नाही. भावाच्या एजन्सीला आठावरून एकदम बारावर जायचं होतं, तेही एका क्लायंटसाठी. आमच्या भाषेत हे पायलट न करता सगळ्या मैदानात वाफ सोडणं झालं.

आणि तो क्लायंट एकूण कामाच्या जवळजवळ निम्मा. या निम्म्याची मला खरी भीती वाटली. वफ्राचं तेल कुवेत आणि सौदी अरेबिया यांच्यात समसमान वाटलं जातं, कारण हा भाग १९२२ च्या करारापासून दोघांच्या मधला. २०१५ च्या मे महिन्यात दोघांच्या मतभेदांत इथलं उत्पादन बंद पडलं. दिवसाला सुमारे दोन लाख पिंपं देणारं क्षेत्र. डिसेंबर २०१९ मध्ये समझोता झाला आणि २०२० मध्ये तेल पुन्हा सुरू झालं. खालचं तेल कुठेही गेलेलं नव्हतं, विहिरी होत्या, यंत्रं होती. फक्त वरची एक सही अडली होती. मावशीला मी हे मुद्दाम सांगितलं, कारण मोठं म्हणजे सुरक्षित असं तिचं गणित आहे. आणि भावालाही सांगितलं, कारण ज्याचं सगळं एका दारावर अवलंबून असतं त्याने दाराची किल्ली कोणाकडे आहे ते बघावं.

डिजिटल धंद्यात तर अशी दारं पावलोपावली. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप बंद केली, आणि नुसत्या टिकटॉकवर ज्यांचं दुकान होतं त्यांचं एका रात्रीत शटर पडलं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि नातेवाइकांच्या पोस्ट वर दाखवायचं ठरवलं, आणि अमेरिकेतली लिटलथिंग्ज नावाची फेसबुकच्या जिवावर वाढलेली मीडिया कंपनी पुढच्याच महिन्यात बंद झाली. यात त्यांच्या कामाची प्रत एका दिवसात घसरली होती असं काही नाही. जमीन दुसऱ्याची होती, एवढंच.

मग छोट्या एजन्सीने वाढायचंच नाही का? वाढायचं, पण स्वतःचं काहीतरी पेरून. मराठीत याचं उदाहरण समोरच आहे. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि कॅनडाहून आलेली पॉला मॅकग्लिन या तिघांची गुलबदन टॉकीज ही छोटी निर्मितीसंस्था. त्यांनी २०१६ मध्ये यूट्यूबवर भारतीय डिजिटल पार्टी, म्हणजे आपली भाडिपा, सुरू केली. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांचा 'कास्टिंग काऊच', मग रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे यांचे आई-मुलाचे व्हिडिओ. इंटरनेटवर मराठीत कोण बघणार, असं म्हणण्याचे ते दिवस. पण तो प्रेक्षक त्यांचा स्वतःचा झाला. २०१९ मध्ये अनुषा आणि सारंग यांची 'पांडू' ही वेब मालिका एमएक्स प्लेयरवर आली. ज्याच्याकडे स्वतःचा प्रेक्षक असतो त्याच्याकडे जाहिरातदार स्वतःहून चालत येतो, आणि तो गेला तरी प्रेक्षक उरतो. यूट्यूब हीही दुसऱ्याचीच जमीन, हे मान्य. पण लोकांनी नाव लक्षात ठेवलं तर ते नाव घेऊन दुसरीकडे जाता येतं. क्लायंटच्या नावाने केलेल्या शंभर गुढ्या कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

आठ दिवसांनी मी भावाला तीन गोष्टी लिहून पाठवल्या. एक, कुठलाही क्लायंट एकूण कामाच्या एक तृतीयांशाहून मोठा नको. दोन, करार ४५ दिवसांचा. त्याने सोळा लाखांऐवजी दहा लाखच अडकतात, आणि काम निम्म्याने घेतलं तर पाचच. तीन, महिन्यातले चार दिवस कुठल्याही क्लायंटसाठी नसलेलं, स्वतःच्या नावाचं मराठी काम करायचं. आणि आईची एफडी मोडायची नाही, हे मी आकड्यांखाली वेगळं, मोठ्या अक्षरात लिहिलं.

पहिले दोन दिवस साहेब रागावले होते. मग त्याने तो कागद मालकांसमोर ठेवला. दोघे त्याच्यापेक्षा फार मोठे नाहीत, तिशीतलेच, आणि त्यांनीही हे असं मांडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी क्लायंटला लिहिलं. तीन आठवडे उत्तर नाही. त्या तीन आठवड्यांत मला रोज वाटायचं की माझ्यामुळे या पोरांच्या हातचं काम जाणार, आणि मावशीकडे लग्नाकार्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शेवटी उत्तर आलं. ४५ दिवस मान्य, आगाऊ रक्कम नाही, आणि सुरुवातीला निम्मंच काम, महिन्याला दोन लाखांचं. एकूण साडेसहा लाखांत दोन लाख, म्हणजे तिसऱ्या भागाच्या आत! माणसं चारऐवजी दोनच घेतली. भाऊ तीन वर्षं टिकून राहिला तर पैसे न घालता त्याला छोटा वाटा मिळेल, असं लेखी झालं. आणि स्वतःचं काम म्हणून त्यांनी छोट्या दुकानदारांसाठी मराठीत व्हिडिओ सुरू केले आहेत. जीएसटी कसा भरायचा, उद्यम नोंदणी कशी करायची, उधारी कशी मागायची. बघणारे अजून थोडेच आहेत.

हे सगळं मी मावशीला समजावून सांगितलं. एफडी, रिटेनर, तेल, वाफ, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे उधारीवर माल देऊ नये आणि एकाच गिऱ्हाइकावर दुकान चालवू नये, हेच ना? हे तर आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्यानेपण सांगितलं असतं. त्याला कॅनडाला कशाला जायला पाहिजे?"

यावर काय बोलणार? पण वाण्याने सांगितलं असतं तर तिच्या मुलाने ऐकलं नसतं, हेही ती जाणून आहे.

नव्या क्लायंटचं पहिलं बिल गेल्या महिनाअखेरीस गेलं. ४५ दिवस कधी भरतात ती तारीख भावाने ऑफिसच्या फळ्यावर लिहिली आहे. मीही माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.